हिरवी वही

मालकांनी यादी मागितली:
कुणाला काढलं तर कंपनी अडणार नाही.
कुताइसीतला आमचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना,
एकशे बारा माणसं.
मी ओतार, हिशेबनीस.
पेन्सिलीला टोक काढून बसलो.

बाटल्या धुणाऱ्या बायका दिवसाला किती धुतात, लिहिलेलं आहे.
झाकणाचं यंत्र मिनिटाला किती, तेही.
झौरचा ट्रक किती किलोमीटर, किती डिझेल.
नेस्तानपुढे मात्र काहीच नाही.
पगारपत्रकात 'बिझनेस अ‍ॅनालिस्ट',
पुढचा रकाना कोरा.
ना बाटली, ना झाकण, ना किलोमीटर.
पहिलं नाव तिचं लिहिलं. म्हटलं,
सोपं होतं की काम.

त्याच आठवड्यात मंगळवारचे क्रेट पुन्हा कमी भरले.
दर मंगळवारी चाळीस. कधी अडतीस.
मालक म्हणाले, झौर चोर आहे.
बाप नव्हता, पण काका होता, म्हणाले.
ट्रकवर नजर ठेवणारी यंत्रणा इस्तंबूलहून आणायची,
कोटेशन माझ्या टेबलावर आलं.
आकडा वाचायला मी चष्मा पुन्हा पुसला.

नेस्तान बोलली नाही काही.
फाटकापाशी एक क्रेट उलटा टाकून बसली,
तीन दिवस, वाऱ्यात,
झौरने दिलेल्या सूर्यफुलाच्या बिया सोलत.
तिच्याकडे एकच प्रश्न आहे, तोच ती सगळ्यांना विचारते.

मंगळवारी मी नसते, गुलिको म्हणाली,
नवऱ्याला डायलिसिसला नेते.
मग काय होतं?
मग लेवानी मोजतो.
मग काय होतं?
फुटक्या बाटल्यांचे क्रेट बाजूला काढतो, वहीत लिहितो.
कुठल्या वहीत?

लाल वही ऑफिसात जाते.
लाल वही गुलिकोच्या कपाटात असते,
आणि किल्ली गुलिकोच्या गळ्यात.
म्हणून लेवानीने स्वतःच्या पैशांनी हिरवी घेतलेली.
ती खिडकीत होती, चहाच्या पेल्याखाली,
चार वर्षांचे मंगळवार,
एकेक बाटली, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात.
अरे, सांगितलं का नाहीस?
तो गोंधळला. म्हणाला,
विचारलं कुणी?

किल्लीची जोडी करून घेतली. बिल माझ्याकडे आहे:
दोन लारी.
इस्तंबूलचं कोटेशन मी परत पाठवलं.
साप साप म्हणून भुई धोपटायची होती,
ती राहिली.

झौरला यातलं काही ठाऊक नाही.
तो अजून आरसा वाकडा लावून शिट्टी वाजवत येतो.

आता माझी अडचण.
न घेतलेली यंत्रणा कुठल्या खात्यात टाकू?
न काढलेला ड्रायव्हर जमेच्या बाजूला कसा दाखवू?
एकतीस वर्षं हिशेब लिहितोय,
झालेल्याचाच लिहिता येतो.
नाव खोडलं. रबराने घासलं.
कागद तेवढा पातळ झाला तिथे.

शुक्रवारी ती माझ्या टेबलापाशी आली.
महिनाअखेरचा अहवाल बांधत होतो, सव्वीस पानं,
निळा दोरा.
हा कुणासाठी?
वख्तांगसाठी. तिबिलिसीच्या ऑफिसात.
मग काय होतं?

मी रागावलो. मग फोन लावला.
कोवळ्या आवाजाची एक मुलगी होती पलीकडे.
वख्तांग? ते तर सहा वर्षांपूर्वी गेले,
बातुमीला हॉटेल काढलं त्यांनी.
आणि पाकिटं?
आहेत ना, सगळी कपाटात आहेत.
उघडली नाहीत कुणी, ती म्हणाली,
आणि मला वाईट वाटू नये म्हणून असेल,
पण फेकलीही नाहीत.

नेस्तान तोवर निघून गेली होती.
तेवढी समज आहे तिला.

या महिनाअखेरीला मी पाच वाजता उठलो.
पुलावर आलो तर रिओनीवर ऊन होतं.
या नदीला शेवटच्या तारखेला
मी नेहमी अंधारातच ओलांडलेलं.
बायकोने दार उघडून आधी माझ्या कपाळाला हात लावला.

यादी अजून खणात आहे. एक पातळ जागा,
बाकी काही नाही.
सोमवारी मालक मागतील.
देईन म्हणतो. फक्त देण्याआधी
त्यांना एवढंच विचारायचं आहे,
मग काय होतं?